रिझर्व्हवर बंद पडणारी राजदूत

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझी सगळी नोकरी झाली ती पत्र्यावरचा गंज काढण्यात. रंग देण्याआधी गाड्यांचे सुटे भाग ज्या टाक्यांमधून बुडवून काढतात, तिथं मी हेल्पर म्हणून लागलो आणि त्याच विभागात राहिलो. माझ्या कागदपत्रांवरून कुणालाही वाटेल की हे काम मला कारखान्यानं शिकवलं. खरं तर ते मी सेलूत शिकलो, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीच्या दुकानात. त्या शिकवण्याचा त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. दुकानावर स्वतःच्या नावाची पाटीसुद्धा त्यांनी कधी लावू दिली नव्हती. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही तेच म्हणतो.

सेलू म्हणजे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचं, कापसाचं आणि जिनिंगचं गाव. माझ्या लहानपणी गावात मोटारसायकली थोड्या होत्या, आणि कुणाकडे कोणती हे सगळ्यांना पाठ असायचं. मोठ्या बागायतदाराकडे बुलेट, हौशी माणसाकडे येझदी, आणि दूधवाले, मास्तर, ग्रामसेवक यांच्याकडे राजदूत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तिच्या ॲव्हरेजच्या गप्पा चहाच्या हॉटेलात चालायच्या. पण खेड्यांच्या रस्त्यावर विश्वास होता तो राजदूतवर. एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून ती १९६२च्या सुमारास आपल्याकडे आणली. टू-स्ट्रोक इंजिन, जाड पत्रा, दुधाच्या चार कॅन दोन्ही बाजूंना लटकवल्या तरी तक्रार नाही.

वडील वालूरला शिक्षक होते. रोज सेलूहून राजदूतवर जायचे. ते गेले तेव्हा मी अकरावीत होतो. गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली ती दोन पावसाळे तशीच. टाकीत अर्धं पेट्रोल होतं. आई तिच्यावरचं पोतं काढू देत नसे, आणि मलाही ते काढावंसं वाटत नव्हतं.

पुढं बारावीला मी गणितात गेलो. घरी बसलो. शेवटी आईच म्हणाली, “गाडी तरी चालू कर, मामाच्या शेताकडं जाऊन येत जा.” प्लग बदलला, टाकीत थोडं ताजं पेट्रोल टाकलं, बऱ्याच किका मारल्यावर गाडी सुरू झाली. पण चालायची आणि मध्येच गचके खात बंद पडायची. मी ती दोन ठिकाणी नेली. दोन्हीकडे कार्बोरेटर उघडला, जेट फुंकून साफ केला, पैसे घेतले. दोन्ही वेळा गाडी काही दिवस नीट चालली आणि परत तेच. माझी तर खात्री झाली होती की कार्बोरेटरच खराब आहे. घाण तिथं सापडते म्हणजे ती तिथंच तयार होत असणार, एवढीच माझी तेव्हाची समज.

वडिलांच्या एका सहकाऱ्यानं चाचांकडं पाठवलं. दुकान कसलं, एक खोली आणि पुढं लिंबाची सावली. चाचा खाली बसून कुणाच्या तरी लुनाचं चाक जोडत होते. त्यांनी गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “रिझर्व्ह पे बंद पडती क्या?”

मी विचारात पडलो. खरंच, बंद पडायची ती कॉक रिझर्व्हला फिरवल्यानंतरच. हे मी रोज अनुभवत होतो आणि एकदाही त्याची दखल घेतली नव्हती.

“इंजिन कू हात नक्को लगा. पहले टाकी उतार.”

टाकी उतरवून त्यांनी पेट्रोल एका काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी उन्हात ठेवली. थोड्या वेळानं तळाशी तांबूस गाळ बसला, आणि त्याच्यात पाण्याचे थेंब वेगळे दिसायला लागले. मग त्यांनी कॉक काढून दाखवला. आत दोन नळ्या असतात, एक उंच, एक आखूड. उंच नळीतून रोजचं पेट्रोल येतं. पातळी तिच्या खाली गेली की गाडी थांबते, आपण कॉक फिरवतो आणि आखूड नळी तळाजवळचं पेट्रोल ओढायला लागते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. गंजाची पूडही तिथंच. म्हणजे मेनवर गाडी स्वच्छ पेट्रोल पीत होती आणि रिझर्व्हवर गाळ.

“पण चाचा, टाकीत पाणी गेलं कसं? झाकण तर बंद होतं.”

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा आत यावी म्हणून ते ठेवावंच लागतं. अर्धी टाकी रिकामी म्हणजे अर्धी टाकी हवा. पावसाळ्यात ती हवा ओली. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, आणि आतल्या बाजूला दव धरतं. असं रोज थोडं थोडं, दोन पावसाळे. टाकीच्या आत बॅटरी मारून त्यांनी मला दाखवलं: जिथवर ऑइल मिसळलेलं पेट्रोल होतं तिथवर पत्रा त्यामानानं बरा होता, त्याच्या वर छतापर्यंत लाल खवले आणि अगदी तळाला, पाणी साचलं होतं तिथं, काळपट खड्डे. पेट्रोलची रेघ आतल्या भिंतीवर स्पष्ट उमटली होती. वडिलांनी शेवटचं पेट्रोल भरलं होतं तेवढी. चाचांना हे सांगायचं कारण नव्हतं; मी काही बोललो नाही.

“कल सुबू आ. तू ही करना, मैं बताता.”

मला वाटलं, सकाळचं काम दुपारी संपेल. तसं झालं नाही, आणि ते दुकान मी पुढची बरीच वर्षं सोडलं नाही.

त्या टाकीवर जे शिकलो ते सविस्तर सांगायला हवं, कारण माझं पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पहिल्यांदा टाकी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं धुतली. मी म्हटलं, गंज काढायचाय ना, मग हे कशाला? ते म्हणाले, पत्र्यावर ऑइलचा हात आहे, त्याच्या खाली औषध पोचतच नाही. आधी तेल जायला पाहिजे. मग मूठभर छोटे नट आत टाकले. टाकण्याआधी ते मोजायला लावले आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहायला लावला, कारण एक नट जरी आत राहिला तरी तो उद्या कॉकच्या तोंडाशी येऊन बसणार. टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि हलवत बसलो. सुरुवातीला आतून भद्द आवाज येतो, खवल्यांवर नट आपटतात म्हणून. पत्रा उघडा पडत जाईल तसा आवाज खणखणीत होतो. चाचा पाठमोरे दुसरं काम करत असायचे आणि मधूनच म्हणायचे, “बायें बाजू अभी बाकी है.” बॅटरी मारून बघितलं की डावीकडं खवले दिसायचेच.

एकदा समोर ट्रॅक्टर दुरुस्तीला आलेला असताना एक बुलेटची टाकी त्यांनी गोधडीसकट ट्रॅक्टरच्या जॅकवर उचललेल्या मागच्या चाकाला जुन्या ट्यूबांनी बांधली आणि चाक सावकाश फिरत ठेवलं. आम्ही चहा पीत बघत बसलो. एवढा आळशीपणा त्यांनी माझ्यासमोर दुसऱ्यांदा केला नाही.

मग औषध. ते किराणा दुकानातलं लिंबूसत्व आणवायचे आणि लिटरला मूठभर या हिशेबानं गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरायचे. रात्रभर तशीच. नसलं तर चिंचेचं पाणी, पण त्याला जास्त दिवस लागतात. तेजाब मात्र ते दुकानात येऊ देत नसत. संडास धुण्याचं तेजाब ओतून एकानं आपली टाकी एका रात्रीत चकचकीत करून आणली होती. आठवड्याच्या आत ती जोडावर पाझरायला लागली. नवीन टाकीच्या पत्र्याला आतून भांड्याच्या कल्हईसारखा पातळ थर असतो, तो एकदा गेला की खाली उघडा लोखंडी पत्राच. तेजाबाला गंज आणि पत्रा यातला फरक कळत नाही. चाचांनी त्या माणसाला रागावलं नाही. पाझरत होतं तिथं अंगाचा साबण घासून दिला, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही म्हणून, आणि घरापर्यंत जाशील एवढंच म्हणाले.

खरी शिकवण यानंतरची होती. औषध ओतून दिल्यावर पत्रा आतून राखाडी झाला होता. मला वाटलं, संपलं. चाचांनी औषधातून काढलेला एक नट पाण्यात बुचकळून ओलाच भिंतीवर ठेवला आणि पोराला चहा सांगितला. चहा येऊन पिऊन होईस्तोवर नटावर पिवळसर झाक आली होती. “देखा? जंग निकालने कू अकल नहीं लगती. सुकाने कू लगती.”

म्हणून गंज काढल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आतलं आंबट मारायचं. मग पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारट, ते वाळलं की क्षार मागं राहतात आणि ओल धरून गंज बोलावतात. म्हणून शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या पाण्याचं. शेजारच्या बॅटरीवाल्याकडून ते एक कॅन आणून ठेवायचे आणि त्यातलं पाणी दुसऱ्या कशालाही वापरू देत नसत. मग भात्याचा पंखा लावून टाकी आतून कोरडी करायची. हात घालून ऊब लागेपर्यंत थांबायचं. आणि ऊब असतानाच दोन टोपणं ऑइल टाकून टाकी सगळ्या अंगांनी फिरवायची. नवीन फिल्टर, कॉकचे नवीन वायसर, आणि मग टाकी गळ्यापर्यंत भरून पेट्रोल. यातली कुठलीही गोष्ट पुढं-मागं केलेली त्यांना चालत नसे. जेवायची वेळ झाली तरी ते धुणं आणि सुकवणं यांच्या मध्ये उठत नसत आणि मलाही उठू देत नसत.

राजदूत त्यानंतर रिझर्व्हवर कधी बंद पडली नाही. चाचांनी फिल्टरचे आणि वायसरचे पैसे घेतले. आईनं धपाटे पाठवले, ते त्यांनी ठेवून घेतले. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो, काही काम आहे का विचारायला. आईला सांगायचो शिकवणीला जातोय. तिला ठाऊक होतं, माझ्या कपड्यांना येणाऱ्या वासावरून. एके दिवशी तिनं एवढंच विचारलं, “शिकवणारा माणूस चांगला आहे ना?”

चाचांनीच मला आयटीआयचा फॉर्म भरायला लावला. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. “यहाँ बैठेगा तो मेरे जैसा हो जायेगा,” ते म्हणायचे. त्यांच्यासारखं होण्यात वाईट काय, असं मला तेव्हा वाटायचं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. पोरगेले असताना, उस्तादाकडं शिकताना, रिकाम्या टाकीला डाख देताना टाकी उडाली होती, एवढं त्यांनी एकदा सांगितलं. पुढं त्यांनी टाकीला ज्योत लावलेली मी पाहिली नाही. भोक वर येईल अशी टाकी धरून ती पाण्यानं भोकाच्या जरा खालपर्यंत भरायची, आणि बाजूला तापवलेल्या तांब्याच्या खिळ्यानं डाख द्यायचा. तेवढा वेळ आगपेटी समोरच्या चहावाल्याकडं.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या मागं लहान-मोठे कितीतरी कारखाने आले. परभणी जिल्ह्यातली आमच्या वयाची बरीच पोरं तिकडं गेली. मी अशाच एका सुट्या भागांच्या कारखान्यात लागलो. पहिल्या दिवशी मला रंगाच्या आधीच्या टाक्यांवर उभं केलं. एका रांगेत सात टाक्या. पहिलीत गरम अल्कली, तेल काढायला. मग पाणी. मग गंज काढायचं ॲसिड. पाणी. फॉस्फेट. पाणी. शेवटी पॅसिव्हेशन, आणि तिथून थेट भट्टीत सुकायला. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. सोड्याचं पाणी, औषध, धुणं, सुकवणं, वरून ऑइलचा हात. लिंबाच्या सावलीतला सगळा क्रम तिथं क्रेनवर चालला होता. बॅटरीच्या पाण्याच्या कॅनच्या जागी एक मोठं संयंत्र होतं, बोअरच्या पाण्यातले क्षार काढणारं.

सुपरवायझरनं आम्हा नव्या पोरांना विचारलं, ॲसिडमधून भाग वर काढल्यावर क्रेन मध्येच थांबली तर काय होईल? मी म्हटलं, चहा पिऊन होईस्तोवर पिवळं पडेल. सगळे हसले. सुपरवायझर हसले नाहीत. त्या उत्तरामुळं मी झाडलोटीवरून लाइनवर आलो. उत्तर माझं नव्हतं.

सुट्टीला आलो की दुकानात जायचो. फॉस्फेटचं सांगितलं तेव्हा चाचांनी हातातलं काम ठेवलं. पुढच्या वेळी मी केमिकलच्या दुकानातून फॉस्फोरिक ॲसिडची बाटली विकत घेऊन आलो. एका भंगारातल्या टाकीवर दोघांनी करून पाहिलं. गंज गेल्यावर पत्र्यावर लोखंडाच्या फॉस्फेटचा पातळ राखाडी थर राहतो आणि तो ओल्या हवेला थोडा वेळ अडवतो. चाचांनी तो ओला नट परत भिंतीवर ठेवला, परत चहा मागवला. या वेळी नट लवकर पिवळा पडला नाही. त्यांनी पोराला बोलावून पाण्याचं आणि ॲसिडचं प्रमाण भिंतीवर खडूनं लिहून घेतलं, नटांच्या जुन्या आकड्यांच्या शेजारी. ज्याला आपण शिकवलं त्याच्याकडून काही घेताना संकोच वाटतो, हे मी कारखान्यात भल्याभल्यांच्या बाबतीत पाहिलं. चाचांनी फक्त विचारलं, “फिर भी सुकाना तो पडताच ना?” पडताच, मी म्हटलं.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी सेलूला आईजवळ होतो आणि तिथंच अडकलो. गल्लोगल्ली गाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या, बहुतेकांच्या टाक्या अर्ध्या. पावसाळ्यानंतर त्या सुरू व्हायला लागल्या आणि शेजारपाजारचे विचारायला येऊ लागले. चाचांना तोवर नीट दिसत नव्हतं. मी अंगणात टाकी हलवायचो, ते खाटेवर तोंडाला फडकं बांधून बसून ऐकायचे. खोलीतली भिंत तेव्हा रंगवून टाकलेली होती, पण प्रमाणं त्यांना पाठ होती. “बायें बाजू,” ते म्हणायचे, आणि मी टाकी फिरवायचो. माझ्या हाताखाली इतकी पोरं शिकून गेली, पण कानांनी गंज ओळखणं मला अजून त्यांच्यासारखं साधलेलं नाही.

हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २००३ साली थोड्या प्रमाणात सुरू झालं, २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. ते चांगलं की वाईट हा वाद मोठा आहे, तो माझा नाही. उसाच्या भावाशी तो जोडलेला आहे आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्याला त्यात फायदाही दिसतो. माझ्या कामापुरतं एवढं मला माहीत आहे की इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवतं. फार झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात, नेमके रिझर्व्हच्या नळीपाशी. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचा त्रास सहसा नाही. उभ्या राहिलेल्या, जुन्या, लोखंडी टाकीच्या गाडीला आहे. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, मग आता टाकी भरून ठेवून भागायचं नाही, फार दिवस उभी करायची तर रिकामी करून, सुकवून, ऑइल फिरवून ठेवायची. मी कारखान्यात जे वाचलं होतं तेही हेच होतं.

चाचा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलांपैकी कुणी या धंद्यात नाही. खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते बरं चालतं. मला त्यांना काही द्यायचं राहून गेलं असं म्हणणंही खरं नाही. दिलेलं त्यांनी घेतलं नसतं, हे मला आधीपासून माहीत होतं. काम कुणी विचारलं तर हातचं राखायचं नाही, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं असायचं. म्हणून हे लिहिलं.

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची जुनी गाडी उभी असेल, तर पावसाळ्याच्या आधी तिची टाकी एकदा उघडून बॅटरी मारून बघा. गंज दिसला तर तेजाब ओतू नका. आणि टाकी पाझरत असेल, तर पेट्रोल काढून घेतलं म्हणून ती रिकामी झाली असं समजून वेल्डिंगला नेऊ नका. पेट्रोलची वाफ आतच असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त घातक असते. आधी सोड्याच्या कढत पाण्यानं धुवा, भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, आणि ज्याला हे काम येतं त्याच्याकडूनच डाख देऊन घ्या.